दगडावरचे ग्रह वाचायचे कसे

नांदेड जिल्ह्यात देगलूर तालुक्यातले होट्टल हे गाव चालुक्यकालीन मंदिरांसाठी ओळखले जाते. तिथल्या मंदिरांच्या जतनाचे काम चालू असताना अलीकडे एका शिवमंदिराचा पाया, शिवलिंग, पुष्कळशा विटा आणि तीन दानलेख उजेडात आले. लेख १०७० च्या सुमाराचे आहेत आणि मंदिर उभारायला कोणी दान दिले याची नोंद त्यात आहे. असे काही सापडले की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, हा देव कोणता? दुसरा, हा योग कसला? मूर्ती आत्ताच का वर आली, त्या दिवशी नक्षत्र कोणते होते, गावाला हे शुभ की अशुभ, ही सगळी चर्चा दुसऱ्या प्रश्नाच्या पोटातली.

हा दुसरा प्रश्न मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. ज्यांनी ही मंदिरे बांधली ते पंचांग पाहून जगणारे लोक होते. दान द्यायचे ते ग्रहणाला किंवा संक्रांतीला, आणि दिलेल्या दानाची तिथी दगडावर कोरायची, हा त्यांचा रिवाज होता. म्हणजे दगडात आकाश खरोखर आहे. फक्त ते कोरणाऱ्याच्या दिवसाचे आकाश आहे. कुदळ लागली त्या दिवसाचे आकाश त्या दगडात नाही. हा फरक ध्यानात ठेवून दगड वाचला तर हाती पुष्कळ लागते, आणि जे लागते त्याचा पडताळाही घेता येतो.

सुरुवात चित्रापासून करू, कारण लेख प्रत्येक दगडावर नसतो.

एका आडव्या पट्टात ओळीने नऊ आकृती दिसल्या की पाहणारा चटकन "नवग्रह" म्हणतो. मराठवाड्यात इथेच पहिली गफलत होते. सप्तमातृकांच्या पट्टात मातृका सात असतात, पण त्यांच्या एका टोकाला वीरभद्र आणि दुसऱ्या टोकाला गणपती बसवण्याची पद्धत आहे. सात आणि दोन, बेरीज नऊच. गावोगावी असे पट्ट साती आसरा म्हणून पुजले जातात आणि तेल-शेंदराच्या थरांखाली चेहरे बुजून जातात. तेव्हा मोजणी बाजूला ठेवून आधी टोके पाहावीत. सोंड दिसली की तो गणपती, म्हणजे पट्ट मातृकांचा. मग मधल्या आकृती स्त्रियांच्या आहेत का, मांडीवर मूल आहे का, ते पाहायचे. वराहमुखी दिसली तर वाराही. बरगड्या मोजता येतील इतकी कृश असेल तर चामुंडा. ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी आणि इंद्राणी या उरलेल्या पाच जणी पायाशी कोरलेल्या वाहनांवरून ओळखू येतात.

नवग्रहांच्या पट्टाची घडण वेगळी. तिथे क्रम वारांचा असतो: रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि शेवटी राहू-केतू. ओळखीच्या खुणा पुन्हा टोकांनाच आहेत. सूर्याच्या दोन्ही हातांत कमळे असतात. राहूचे बहुधा मोठे डोके आणि अर्धे धड एवढेच दाखवतात, तर केतूचे कमरेखालचे अंग सापाचे असते. मधले ग्रह पुष्कळदा एकाच साच्यातले, हातात अक्षमाला आणि कमंडलू घेतलेले दिसतात. त्यांतला बुध कोणता आणि शुक्र कोणता हे जागेवरूनच ठरवावे लागते.

ग्रहांची संख्याही काळ सांगते. ओडिशात भुवनेश्वरच्या परशुरामेश्वर मंदिरावर, म्हणजे सातव्या शतकात, आठच ग्रह कोरलेले आहेत. केतूला ओळीत जागा मिळाली ती त्यानंतर. नववा गडी कधी आला हे ठाऊक असले की नुसत्या मोजणीवरून पट्ट आधीचा की नंतरचा याचा अंदाज बांधता येतो. ही खूण ओडिशातली आहे. आपल्या भागात ती जशीच्या तशी लावू नये, पण पाहायची रीत तीच.

राहूबद्दल आणखी एक. मंदिराच्या उंबऱ्यावर किंवा खांबाच्या माथ्याशी वटारलेल्या डोळ्यांचे, खालचा जबडा नसलेले तोंड असते आणि त्यातून मोत्यांच्या माळा सुटलेल्या असतात. ते कीर्तिमुख. पुराणातल्या जालंधराच्या कथेत राहू आणि कीर्तिमुख समोरासमोर येतात खरे, पण राहू तिथे दूत म्हणून आलेला असतो आणि कीर्तिमुख शिवाने त्याच्यावर सोडलेले असते. उंबऱ्यावरच्या तोंडाला राहू समजून शांत करायला निघणारा माणूस त्या कथेतल्या दोघांची अदलाबदल करत असतो.

एकटी सूर्यमूर्ती सापडली तर तिची वेशभूषा पाहावी. वराहमिहिर हा सहाव्या शतकातला ज्योतिषी. त्याच्या बृहत्संहितेत मूर्ती कशी घडवावी याचाही अध्याय आहे. सूर्याला उत्तरेकडच्या लोकांचा वेश द्यावा आणि पायांपासून छातीपर्यंत अंग झाकलेले असावे असे तो सांगतो. उत्तर भारतातला सूर्य म्हणूनच पायात उंच जोडे घातलेला दिसतो. दक्षिणेकडचा सूर्य अनवाणी असतो आणि त्याचे कमळ धरलेले हात खांद्यापर्यंत उचललेले असतात. आपला मुलूख या दोन परंपरांच्या मधला, म्हणून सूर्यमूर्ती मिळाली की नजर आधी पायांकडे जायला हवी. ज्योतिषाच्या ग्रंथाचा शिल्प ओळखायला होणारा हा सरळ उपयोग, पण भविष्य पाहण्याच्या नादात त्याची आठवण क्वचितच कोणाला होते.

आता सूर्य-चंद्राची जोडी. मराठवाड्यातल्या शिवारांत वीरगळ विपुल आहेत. त्यांच्या माथ्यावर एका बाजूला पूर्ण गोल आणि दुसऱ्या बाजूला चंद्रकोर असते. दानलेखांवर आणि सतीशिळांवरही हीच जोडी दिसते. काही जण तिच्यावरून ग्रहण सांगतात, कोणी अमावास्या. प्रत्यक्षात ही जोडी कोणत्याही दिवसाचे आकाश दाखवत नाही. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालू राहो, या वीराचे नाव राहो, एवढीच तिची ग्वाही आहे. शेकडो दगडांवर एकाच ठेवणीने कोरलेली असल्यामुळे तिच्यावरून तारीख काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. एखादे चिन्ह सगळीकडे सारखेच असेल तर ते संकेत आहे असे धरावे. एका ठिकाणी काही निराळे दिसले तरच निरीक्षणाचा विचार करावा.

काश्मीरमधल्या बुर्झहोमच्या दगडाचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. शिकारीच्या दृश्यावर दोन तेजस्वी गोल कोरलेला हा नवाश्मयुगातला दगड. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा तर्क मांडला की यातला एक गोल अतिनवताऱ्याचा, म्हणजे स्फोट होऊन उजळलेल्या ताऱ्याचा, असावा आणि शिकारी व जनावरे ही तारकासमूहांची मांडणी असावी. त्यांनी गणिताने जुन्या अतिनवताऱ्यांची यादी तपासली आणि काळाला जुळणारा एक उमेदवार पुढे ठेवला. मला ही मांडणी आवडते, कारण ती चूक ठरू शकेल अशा रीतीने मांडली आहे. तरीही तो तर्कच आहे, कारण दगडावर अक्षर नाही. अक्षर असले की परिस्थिती पालटते.

नांदेड-लातूरकडच्या चालुक्यकालीन लेखांपैकी बरेचसे जुन्या कानडीत आणि संस्कृतात आहेत. नांदेड जिल्ह्यातल्या लेखांचे श्रीनिवास रित्ती आणि गो. चं. शेळके यांनी केलेले संपादन १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणताही दानलेख घेतला तर त्यात कालनिर्देशाची एक ठरलेली साखळी आढळते: राजाचे नाव, शकवर्ष, संवत्सराचे नाव, महिना, पक्ष, तिथी, वार आणि असला तर पर्वकाळ, म्हणजे संक्रांत, ग्रहण किंवा व्यतीपात.

ही साखळी कायमची अशीच नव्हती. वाशीमला मिळालेला वाकाटक विंध्यशक्ती दुसरा याचा चौथ्या शतकातला ताम्रपट आपल्याच भागाशी निगडित आहे, कारण दान दिलेले गाव नांदीकड, म्हणजे नांदेड, या प्रदेशातले आहे. त्यात राज्यवर्ष ३७, हेमंताचा पहिला पक्ष, दिवस चौथा एवढीच तारीख आहे. वार नाही, संवत्सर नाही, कसलाही ग्रह नाही. भारतातल्या कोरीव लेखांत वाराचा पहिला निश्चित उल्लेख येतो तो मध्य प्रदेशातल्या एरणच्या खांबावर: गुप्तवर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. इंग्रजी तारीख २१ जून ४८४. फ्लीट या कोरीव लेखांच्या अभ्यासकाने गुप्त राजांचे लेख संपादित केले तेव्हा त्यासाठीचे गणित कोकणातल्या मुरूडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी करून दिले होते. शिक्षकी पेशातला हा माणूस १८९८ मध्ये गेला. त्याच्या दोनच वर्षे आधी त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास आणि रॉबर्ट स्यूएलबरोबर केलेला भारतीय कालगणनेवरचा इंग्रजी ग्रंथ, दोन्ही बाहेर पडले. आज कोणीही जुन्या लेखाची तारीख काढतो तेव्हा दीक्षितांच्या खांद्यावर उभा असतो, आणि हे नाव मराठी घराघरांत ठाऊक असायला हवे होते.

गणित कसे चालते ते एका उदाहरणाने पाहू. उदाहरणही लातूरशी नाते असलेलेच घेऊ. लातूरच्या पापविनाशक मंदिरात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या काळचा, बाराव्या शतकातला लेख आहे. त्यात त्या वेळी लत्तलूर नगरात ५०० विद्वान राहत असल्याचे सांगितले आहे. याच सोमेश्वराच्या नावावर मानसोल्लास हा ज्ञानकोशासारखा ग्रंथ आहे. त्यात ग्रहगणितासाठी आरंभाचा दिवस दिला आहे तो असा: शके १०५१, सौम्य संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा, शुक्रवार.

पहिली पायरी वर्षाची. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो: १०५१ आणि ७८ मिळून ११२९. शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्यामुळे पौष, माघ, फाल्गुनातली तिथी इंग्रजी वर्ष बदलल्यानंतर पडली असेल तर ७९ मिळवायचे. पुस्तकांत एकाच लेखाला कधी एक तर कधी त्याच्या पुढचे वर्ष दिलेले दिसते, त्याचे एक कारण हे.

दुसरी पायरी संवत्सराची. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ नावांचे चक्र आहे आणि दक्षिणेत ते वर्षाला एक याप्रमाणे न चुकता पुढे सरकते. गत शकवर्षात १२ मिळवा, ६० ने भागा. जी बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावा, म्हणजे क्षय. १०५१ अधिक १२ म्हणजे १०६३. ६० ने भागून बाकी ४३. त्रेचाळिसावे नाव सौम्य. जुळले. हेच सूत्र आजच्या पंचांगालाही लागते. २०२४ च्या गुढीपाडव्याला शके १९४६ सुरू झाले. १९५८ ची बाकी ३८, आणि अडतिसावे नाव क्रोधी, जे त्या वर्षीच्या पंचांगावर छापलेले होते.

गत हा शब्द मी मुद्दाम घातला. शकवर्ष दोन रीतींनी मोजत असत: इतकी वर्षे संपली असे, किंवा इतकावे वर्ष चालू आहे असे. दोन्हींत एकाचा फरक पडतो आणि लेखात नेहमीच खुलासा नसतो. तिथे संवत्सर निवाडा करतो. होट्टलच्या लेखांच्या काळातले एक वर्ष सरावासाठी घेऊ, शके ९९२. ते गत असेल तर ९९२ अधिक १२ म्हणजे १००४, बाकी ४४, साधारण संवत्सर, आणि सन १०७०-७१. ते वर्तमान असेल तर गत वर्ष ९९१, बाकी ४३, सौम्य. म्हणजे आकड्याशेजारचे नाव वाचता आले की एका वर्षाचा घोळ मिटतो. शकाचा आकडा झिजून गेला असला तरी राजा ठाऊक असेल तर बहुधा नुसत्या नावावर काम भागते, कारण तेच नाव परत यायला साठ वर्षे लागतात आणि इतके राज्य सहसा कोणी करत नाही.

सहाव्या विक्रमादित्याने १०७६ मध्ये स्वतःचे चालुक्य-विक्रम वर्ष सुरू केले, तेव्हा पुढच्या लेखांत शकाऐवजी ते येते. त्यात १०७५ मिळवायचे. पंचेचाळिसावे वर्ष म्हणजे ११२०-२१, संवत्सर शार्वरी. बाकी रीत तीच.

तिसरी पायरी वाराची आणि तीच सगळ्यांत कसोटीची. तिथी सूर्य-चंद्रातल्या अंतरावरून ठरते आणि ती दिवसाच्या कोणत्याही वेळी संपू शकते. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या वाराला लावतात. शके १०५१ ची चैत्र शुद्ध प्रतिपदा काढली तर २२ मार्च ११२९ येते आणि तो वार शुक्रवारच. हे सगळे हाताने करायची गरज नाही. स्वामीकन्नू पिल्लै यांनी सन ७०० ते १७९९ पर्यंतची कोष्टके १९२२ मध्ये छापून ठेवली आणि आता संगणकावरही हे क्षणात होते. संगणक वापरताना एक जपायचे. आपण आधुनिक गणिताने चंद्र नेमका कुठे होता ते काढतो, पण त्या काळचा जोशी त्याच्या सिद्धान्तग्रंथाने काढत होता. काही घटकांचा फरक पडून वार एकाने सरकू शकतो. असे झाले की लेख बनावट ठरवण्याची घाई न करता त्याच्याच सिद्धान्ताने पुन्हा गणित करून पाहावे लागते.

नुसता वार जुळला म्हणून मात्र हुरळू नये. वार सातच आहेत. काहीही लिहिले तरी सातांतून एकदा ते जुळणारच. वार, तिथी, संवत्सर आणि राजा असे चारही धागे एकत्र बसले की तारीख पक्की समजायची.

संक्रांतीची एक खोच सांगतो, कारण उत्तरायण संक्रांतीची दाने आपल्याकडच्या लेखांत भरपूर येतात. आज आपण १४-१५ जानेवारीला तिळगूळ वाटतो. बाराव्या शतकात मकरसंक्रांत त्या वेळच्या ज्युलियन दिनदर्शिकेप्रमाणे २४-२५ डिसेंबरला पडत असे. जानेवारीत शोधायला गेलात तर तिथी-वार कधीच जुळणार नाहीत आणि दोष विनाकारण लेखाला लागेल.

ग्रहणाचा उल्लेख असला की पडताळा आणखी बळकट होतो. त्याचा सुंदर नमुना जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणला आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिले. लेखातली तारीख शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहण. आता सूत्र लावा. ११२८ अधिक १२ म्हणजे ११४०, बाकी शून्य, म्हणजे क्षय. प्रभव येतो शके ११२९ ला. आकडा आणि नाव यांत एका वर्षाचे अंतर आहे. अभ्यासकांनी संवत्सराला धरून ९ ऑगस्ट १२०७ ही तारीख घेतली, आणि त्या रात्री चंद्रग्रहण झाले होते असे आजचे गणितही सांगते. ज्योतिषाच्या पाठशाळेच्याच दानलेखात आकडा एकाने हुकावा आणि आठशे वर्षांनी आकाशाकडे पाहून तो लक्षात यावा, याचे मला फार अप्रूप वाटते. ग्रहांनी दगडाला साक्ष द्यावी ती अशी.

मग कुंडलीचे काय? मूर्तीची कुंडली मांडायची तर लग्न हवे, आणि लग्न सुमारे दोन तासांनी बदलते. लेख तिथी-वारापर्यंत नेतो, पण घटिका क्वचितच सांगतो. लेख नसलेल्या शिल्पाचा काळ शैलीवरून ठरतो आणि तिथे पन्नास-शंभर वर्षांच्या पट्ट्यात बोलणे हेच प्रामाणिकपणाचे असते. पन्नास वर्षांच्या पट्ट्यावर दोन तासांचे लग्न बसवता येत नाही. राहिली सापडण्याची वेळ. ती मजुराच्या पाळीवर, कामाच्या मंजुरीवर आणि पावसाने ओढा कधी कापला त्यावर ठरते.

शकुनांची परंपरा जुनी आहे हे मात्र मान्य करायला हवे. बृहत्संहितेच्या उत्पातांच्या अध्यायात मूर्ती भंगणे, हलणे, घामेजणे, अश्रू ढाळणे यांवरून राजा आणि देशावरची संकटे सांगितली आहेत. भूकंपाच्या लक्षणांचा वेगळा अध्यायही आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट ज्या लातूर जिल्ह्याने पाहिली, तिथे जमिनीतून देव वर आल्यावर कोणाच्या पोटात गोळा आला तर त्याला वेडगळ म्हणणे मला जमणार नाही. पण सहाव्या शतकातली माणसे कशाला भीत होती हे ते अध्याय सांगतात. होट्टलच्या लिंगाबद्दल किंवा नांदेड जिल्ह्यातच कंधारला मिळालेल्या प्रचंड क्षेत्रपालमूर्तीच्या तुकड्यांबद्दल त्यांत काही नाही. त्यांच्याबद्दल जे कळेल ते दगडाच्या अंगावरूनच कळेल.

म्हणूनच शिल्प सापडल्यानंतरचे पहिले काही तास मोलाचे असतात. तेल, शेंदूर, दूध, चुना यांतले काहीही लावू नये. अक्षरांच्या खाचा एकदा भरल्या की वार गेला, तिथी गेली. तारेच्या ब्रशने घासू नये. दगड होता त्या जागी, त्याच दिशेने राहू द्यावा आणि शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. उथळ अक्षरांसाठी सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे पडते तेव्हा पुन्हा एकदा घ्यावे. भर दुपारी न दिसणारी ओळ तेव्हा उमटते. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. तलाठ्यामार्फत तहसीलला दिलेला अर्ज पुढे जातोच, तरी त्याची एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या नांदेड कार्यालयालाही पाठवावी, आणि अर्जात सापडल्याची तारीख, गट क्रमांक आणि दगडाचे तोंड कोणत्या दिशेला होते ते लिहावे.